न फुटणारी बांगडी

नदीकाठच्या कोळथडी गावात कांबळगिरी महाराजांचा मुक्काम होता म्हसोबाच्या ओसाड पारावर. अंगावर एक घोंगडी, शेजारी धुनी. गावच्या शिवदेव देशमुखाने गढीवर येण्याचे आमंत्रण धाडले, तेव्हा महाराज म्हणाले, "दारातली हत्यारं उचला, मग येऊ."

हत्यारे खरेच पडली होती. पलीकडच्या वडथर गावाशी शिवेवरून मारामारी झाली. वीतभर रानापायी दोन्हीकडचे बाप्ये मेले, देशमुखाचा तरणा मुलगाही गेला. रानात पडलेल्या दोन्ही गावांच्या मोडक्या तलवारी आणि भाल्यांची पाती देशमुखाने दारात रचून ठेवली. बायकांच्या बांगड्या मात्र तेव्हाच फोडून टाकल्या. त्यांचा ढीग कोण ठेवतो?

गोजराबाई घिसाडणीच्याही फोडल्या. नवरा हिरामण सांडशीत लोखंड धरायचा, ती घण घालायची. देशमुखाच्या शब्दाखातर तो भाला घेऊन गेला, तो आलाच नाही. आता सांडशीही तिची, घणही तिचा.

एके सकाळी देशमुखाने तो सगळा ढीग तिच्या पालापुढे ओतला. "दसऱ्याला शीव ओलांडायची आहे, आपट्याची पानं वाटायला नव्हे. खंडेनवमीच्या पूजेला नव्या तलवारी पाहिजेत. जमत नसेल तर पाल उचल आणि चालती हो."

गोजराबाई एक तुटके पाते घेऊन पारावर आली. "महाराज, ह्यातलंच एक माझ्या माणसाच्या पोटात गेलं. ह्यांना मी पुन्हा धार लावू?"

महाराजांनी तिच्या हातांकडे पाहिले. "हात मोकळे का गं, बाई?"

"रांडव बाईचे हात, महाराज. फोडल्या बांगड्या."

"काचेच्या होत्या म्हणून फुटल्या. तुझ्यापाशी लोखंड आहे की."

तिने हातातले पाते उलटून पाहिले. "लोक जगू देतील का मला?"

"आता देतायत का?" महाराज म्हणाले, आणि धुनीतली चिमूटभर राख तिच्या पदरात टाकली. "लोखंडाला पाणी देताना ही त्यात टाक."

गोजराबाईने भट्टी पेटवली. तलवार तापवली, ठोकली, गोल वळवली, लाल असतानाच राखेच्या पाण्यात बुडवली. दिवसभर ऐरण वाजत राहिली. तलवारी घडतायत म्हणून देशमुख गढीत खूश होता.

खंडेनवमीला तो हळदकुंकवाचे ताट आणि झेंडूच्या माळा घेऊन पालापाशी आला. ऐरणीवर बांगड्यांनी भरलेली पाटी होती. गोजराबाईच्या दोन्ही हातांत एकेक, मागे उभ्या असलेल्या गावच्या विधवांच्या हातांतही एकेक.

"ह्या काय आम्ही भरायच्या?" देशमुख म्हणाला, आणि त्याचे गडी खो खो हसले. मग त्याची नजर विधवांच्या हातांवर गेली. "नवरे मेले आणि ह्या नटतायत. लाज कशी वाटत नाही?"

"नटायला नाही, सरकार," गोजराबाई म्हणाली. "ज्यानं आमची माणसं नेली ते आम्ही मनगटात घालून ठेवलंय. आता ते कुणाच्या मुठीत जायचं नाही."

"फोडा रे," देशमुख म्हणाला. "रीतच आहे ती."

गड्याने पाटीतली एक बांगडी ऐरणीवर ठेवून घण घातला. बांगडी खणखणली. दुसऱ्या घावाला घणाचा दांडा मोडला. बांगडीवर ओरखडासुद्धा नाही. देशमुखाचे डोके फिरले. त्याने पूजेची वडिलोपार्जित तलवार उपसली. "मनगटासकट तोडतो."

गर्दीच्या मागून महाराजांचा आवाज आला, "हात मागे घेऊ नकोस, पोरी."

गोजराबाईने हात पुढेच धरला. घाव बांगडीवर बसला, आणि काय सांगावे, ती तलवार मेणाच्या वातीसारखी वाकली, वळत वळत टोकाला टोक भिडले, मुठीतून निखळली आणि गोल बांगडी होऊन मातीत गडगडत गेली. देशमुखाच्या हातात नुसती मूठ.

बांगडी थांबली ती डोईवर पदर घेतलेल्या सगुणेच्या पायाशी. सगुणा देशमुखाची सून. तिच्या बांगड्या त्यानेच उभे राहून फोडवल्या होत्या. तिने ती उचलली आणि सगळ्यांदेखत हातात चढवली.

"मामंजी, ही माझी. तुमच्या लेकाच्या नावाची."

देशमुखाच्या हातातली मूठ गळून पडली. तो महाराजांच्या पायांशी वाकू लागला, तसे महाराज दोन पावले मागे सरले.

"इथं काय आहे, देशमुखा? उद्या शीव ओलांडणार होतास ना? ओलांड. मोकळे हात पलीकडेही आहेत."

दसऱ्याला कोळथडीने शीव ओलांडली. पुढे विधवा, मागे महाराज, हत्यार एकही नाही. आणि बांगड्यांची पाटी देशमुखाच्या डोक्यावर. वडथरचे लोक काठ्या घेऊन धावत आले आणि ती पाटी बघून जागीच थांबले.

वेशीत एक तरणी बाई उभी होती. तिचा नवरा देशमुखाच्याच माणसांनी मारला होता. देशमुखाने पाटी तिच्यापुढे उतरवली आणि कपाळ मातीला टेकवले.

बाईने हात पुढे केला.

"नुसतं वाकून काय होतंय," ती म्हणाली. "भरा बांगडी."

आणि देशमुखाने, मान वर न करता, ती भरली.