पाव तासाच्या गावाला दोन दिवस

पिंपळखुंट्यात झिपरू नावाचा एक भोळा गडी होता. तुमच्यासारखाच, फक्त शाळेत जरा कमी गेलेला.

त्याचा मेहुणा सुकदेव पार उत्तरेत, निमचूच्या बर्फात नोकरीला. तिथलीच डोल्मा त्याला आवडली, लग्न ठरलं. मंगळसूत्र मात्र बहिणीच्या हातचं हवं होतं. बहिणीने ते झिपरूच्या कमरेला बांधलं.

"अहो, कुणी सांगेल तसंच करा. डोकं चालवू नका."

थारलुंगपर्यंत मोठं विमान. बसल्या बसल्या हवाईबाईने बजावलं, "पट्टा बांधा. मी सांगितल्याशिवाय सोडायचा नाही."

थारलुंगला उतरून झिपरूने चौकशीच्या खिडकीपाशी विचारलं, "निमचू किती तंबाखू लांब?" आमच्याकडे रस्ता तंबाखूतच मोजतात.

"रस्त्यानं दोन दिवस, विमानानं पाव तास," खिडकीतली बाई म्हणाली.

"म्हणजे एकच चिमूट," म्हणत तो बाकावर बसला. बसला तसं उपरण्याने स्वतःला बाकाला आवळून घेतलं. विमानासाठी त्याचं नाव पुकारलं, पुन्हा पुकारलं. पट्टा सोड असं कुणीच म्हणालं नाही. विमान गेलं.

विमानतळावरचा साहेब खवळला. "अहो, नाव ऐकलं की पळत सुटायचं!"

दुसऱ्या दिवशी तसाच पळत विमानात चढला. वर गेल्यावर हवाईबाई प्रेमाने म्हणाली, "झिपरूजी, पाणी?"

झिपरू उठून जो पळाला, तो थेट पायलटच्या दारावर आदळला.

"आकाशात पळू नका हो," बाईने त्याला धरून बसवलं. "पाय जमिनीला लागले की पळा हवं तेवढं."

निमचूला पाय जमिनीला लागले. समोर सुकदेव हार घेऊन उभा, शेजारी डोल्मा लाजून उभी. झिपरू दोघांच्या मधून सुसाट गेला.

"झिपरूदाजी! अहो झिपरूदाजी!"

नाव ऐकल्यावर तो आणखीच जोरात पळाला. फाटकाबाहेर, वळणापलीकडे. तिथे एका ट्रकवाल्याने दया येऊन गाडी थांबवली.

"कुठं जायचं, काका?"

सुकदेव तर म्हणाला होता, विमानतळावर भेटतो. म्हणून झिपरू म्हणाला, "विमानतळावर."

हा विमानतळ तर मागेच राहिला, म्हणजे काकांना पलीकडचा हवा असणार, असं समजून ट्रकवाल्याने दोन दिवस घाट उतरवत त्याला आणून सोडलं थारलुंगला.

खिडकीतली बाई तीच. झिपरू तिच्यावरच उखडला. "एक चिमूट म्हणालात, माझी अख्खी पुडी संपली की!"

बाईने कपाळाला हात लावून सुकदेवला फोन जोडून दिला.

"दाजी, पाया पडतो. संध्याकाळी मुहूर्त आहे. समोरचं विमान पकडा, पाव तासात पोचाल."

"मला येडा समजतोस काय रे?" झिपरू हसला. "पाव तासात आलो, तर परत यायला दोन दिवस लागतात. आत्ताच बघितलं मी."

"मग?"

"मग काय. तू हार धरून उभा राहा. मी रस्त्यानं दोन दिवसांत येतो, म्हणजे परतताना पाव तासच लागेल."

आणि मंगळसूत्र चाचपून तो घाटाकडे चालू लागला.