कानावरची झालर

"मग अजून काय राहिलं, अक्का?"

हौसाने हे तिसऱ्यांदा विचारलं.

म्हाळसाक्का सुईत दोरा ओवत होत्या. वय ऐंशीच्या पुढं, पण दोरा ओवून द्यायला त्यांनी कधी कुणाला हाक मारली नाही. सुईचं नेढं त्यांच्या बोटांनाच दिसायचं.

"राहिलंय असं कुठं म्हणाले मी?"

"मग द्या की."

अक्कांनी दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं…

हौसाला काय हवं होतं ते घाटाच्या पायऱ्यांनाही ठाऊक होतं. नदीकाठच्या त्या देवळाच्या ओवरीत बसून म्हाळसाक्कांनी जन्मभर तान्ह्या लेकरांची अंगडी-टोपडी शिवली आणि त्यांवर काचेच्या बारीक मण्यांची नक्षी भरली. शिकायला येईल तिला शिकवलं. जिचं शिकणं पुरं झालं तिला जवळ ओढून कानात काहीतरी सांगितलं. तो कानमंत्र मिळाला की ती बाई आपल्या ओसरीवर दुसरीला शिकवायला मोकळी.

आजवर तो दोघींनाच मिळाला होता. काय सांगितलं म्हणून तुळसाला विचारलं तर ती नुसती हसायची. शेवंताला विचारलं तर तिचे डोळे भरून यायचे. एकीचं हसू आणि दुसरीचं पाणी, एवढ्यावर हौसाने नऊ वर्षं काढली होती.

हात मात्र तिचा असा की पंचक्रोशीत जोड नव्हती. हे तिला कुणी सांगावं लागत नव्हतं. ती स्वतःच सांगायची.

आज तिनं कुंची आणली होती. तिच्या थोरल्या भावाला लग्नानंतर अकरा वर्षांनी मुलगी झाली, आणि उद्या तिचं बारसं. त्या घरची रीत अशी की कुंची आत्यानं आणायची, आपल्या हातानं बाळाला घालायची आणि पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात पहिल्यांदा नाव सांगायचं. पोर जन्मली त्या दिवशी हौसाने सुई उचलली होती, ती सव्वा महिन्याने आज सकाळी खाली ठेवली.

अक्कांनी कुंची मांडीवर घेतली. पौषातलं दुपारचं ऊन ओवरीत तिरपं येत होतं. मणी त्या उन्हात आले तसे फरशीवर हिरवे-निळे ठिपके हलू लागले. खाली नदी संथ होती. देवळात कुणी नव्हतं. एक म्हातारं कुत्रं पायरीवर झोपलं होतं, आणि त्या ठिपक्यांतला एक त्याच्या पाठीवर जाऊन बसला होता.

अक्कांचं बोट पाठीवरच्या वेलीवरून चाललं, कपाळावरच्या चांदण्यांवरून गेलं आणि कानांशी येऊन थांबलं. तिथं दोन्ही बाजूंनी मण्यांच्या सरी लोंबत होत्या, दाट, एकीला एक लागून.

"इथं सात पदर?"

"सात. बाळाच्या कानाशी वाकेन तवा साऱ्या बायकांची नजर तिथंच असणार न्हवं? म्हणून सगळ्यांत भारी काम तिथं केलंय."

"खरं हाय…" अक्का म्हणाल्या. "हात बसलाय तुझा."

हौसा सुखावली. आता कानमंत्र अक्कांच्या तोंडापाशी आलाच म्हणायचा, असं तिला वाटलं.

"आन् नाव काय सांगणार पोरीला?"

"नाव?" हौसा घोटाळली. "ते काय, सुचंल की सकाळपातूर. घरात धा जणं हायती सुचवायला."

अक्कांनी मान हलवली. मांडीवरची कुंची त्यांनी सारखी केली.

"ये," त्या म्हणाल्या. "अशी म्होरं ये."

हौसाने पदर सावरला. ती गुडघ्यांवर सरकत पुढं गेली. अक्कांनी कुंची उचलली आणि तिच्या माथ्यावर ठेवली. बाळाची कुंची ती, बाईच्या डोक्यावर बसणार कशी! पण दोन्हीकडच्या झालरी अक्कांनी हलक्या हातानं तिच्या कानांवर सोडल्या. हौसाने डोळे मिटले.

आधी काचेचा गारवा लागला. मग आवाज आला.

आवाज म्हणावा असा मोठा नव्हता तो. मणी मण्याला लागत होता, एवढंच. पण त्या किणकिणीत ओवरी दूर गेली, कुत्रं दूर गेलं, नदी तर पार कुठल्या कुठं गेली. आपण एखाद्या डोहाच्या तळाशी बसलो आहोत आणि वर कुणीतरी ओंजळी ओंजळींनी काच ओततंय, असं तिला वाटलं. छान वाटलं. त्या आवाजात तिला आपली नऊ वर्षं ऐकू आली. सुईनं सोललेली बोटं आणि बायकांनी केलेलं कौतुक, सगळं त्यात होतं. असंच बसून राहावं, असं क्षणभर तिच्या मनात येऊन गेलं.

मग तिच्या उजव्या कानापाशी उबदार श्वास लागला.

अक्का बोलत होत्या.

हौसाने जीव कानात गोळा केला. ऐकण्यासाठी तिनं मान जराशी वळवली, तर मणी वाजले. तिनं मान ताठ धरली, तर हुरहुरीनं अंग थरथरत होतं, त्यानं मणी वाजले. ती जितकी ऐकायला धडपडली तितके ते वाजत राहिले…

श्वास दूर झाला.

तिनं डोळे उघडले. अक्का पुन्हा आपल्या जागी टेकून बसल्या होत्या आणि दुसऱ्या सुईत दोरा ओवत होत्या.

"अक्का… काय म्हणालात?"

अक्कांची नजर सुईवरच राहिली.

"मणी वाजत हुते, अक्का. मला काईच ऐकू आलं न्हाई."

दोरा नेढ्यातून पार झाला. अक्कांनी त्याला गाठ मारली.

हौसाने कुंची काढून मांडीवर घेतली. तिला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. नऊ वर्षं ज्याची वाट पाहिली ते कानापर्यंत येऊन परत गेलं होतं, आणि परतवलं होतं तिच्याच हातानं. रागवायचं तर कुणावर? ती कितीतरी वेळ त्या झालरीकडं बघत बसली. उद्या इथंच वाकायचं आहे, हे तिच्या मनात आलं. त्या एवढ्याशा कानाला काय ऐकू जाईल, तेही आलं.

तिनं अक्कांच्या टोपलीतली कात्री घेतली.

पहिला पदर कापला. मणी घरंगळत फरशीवर गेले. कुत्र्यानं एक डोळा उघडून पाहिलं आणि मिटला. दुसरा पदर, तिसरा… मग तिनं पितळी वाटी खाली धरली आणि सावकाश, एकेक सर सोडवू लागली. ऊन पायरीवरून पाण्यात उतरलं. वाटी भरत आली.

दोन्ही कानांवरचा सातवा पदर सुटला तेव्हा खालचं कापड उघडं पडलं.

कापड तिच्या आईच्या जुन्या लुगड्याचं होतं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. पहिलं अंगडं जुन्या कापडाचं असावं म्हणून तिनंच ते ट्रंकेतून शोधून काढलं होतं. पण मणी भरायला घेतल्यापासून ते तिला दिसलं नव्हतं. तिनं ते गालाला लावलं. आई जाऊन चार वर्षं झाली होती. हौसाला तिची आठवण आली. आई कानाशी येऊन कशी हळू बोलायची, ते आठवलं.

आणि पोरीचं नाव तिला सुचलं. कुणाला विचारावं लागलं नाही.

तिनं डोळे पुसले. कुंची पुन्हा आपल्या माथ्यावर ठेवली. कानांवर आता नुसतं कापड होतं. नदी ऐकू येत होती. कुत्र्याचं घोरणंही ऐकू येत होतं. ती गुडघ्यांवर सरकत अक्कांपाशी गेली आणि मान वाकवली.

"आता ऐकू येईल, अक्का. पुन्यांदा एकदा सांगा."

अक्कांनी सुई कापडात खोचून ठेवली. दोन्ही हातांनी हौसाचं डोकं जवळ घेतलं आणि तोंड अगदी तिच्या कानाशी नेलं.

हौसाने श्वास रोखला…

"कानात एकदाच सांगत्यात, पोरी."

हौसा हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.