वाळवीचा चेला

गावात वीज यायची होती आणि साहेब लोक घोड्यावर बसून यायचे, त्या काळची ही गोष्ट. खडकसावंगीत हैबती नावाचा एक म्हातारा गवंडी होता. त्याला अक्षर येत नव्हतं. त्याची बायको गोदाबाई मात्र उतारवयात वाचायला शिकली होती. रोज दुपारी ती वाचनालयातून आणलेली जाडजूड कादंबरी मोठ्यानं वाचायची, आणि हैबती ऐकायचा.

वाचनालय म्हणजे चावडीमागची पत्र्याची खोली. वैशाखात तिथं पुस्तकांचा डिंक वितळायचा, पानं सुटायची आणि वाचकाला ज्ञानाआधी घेरी यायची. तालुक्याच्या साहेबानं एकदा हे पाहिलं आणि बजावलं, "पुढच्या वैशाखापर्यंत धड जागा करा. नाहीतर पुस्तकं तालुक्याला नेतो."

गावानं मान डोलावली. गावाला ते चांगलं जमायचं.

गोदाबाई घरी आली ती भिंतीला टेकून बसली. म्हणाली, "आवं, साठाव्या वर्षी डोळे उघडले माझे. लगेच मिटायचे का?"

 हैबती भाकरी तशीच ठेवून रानात गेला. बांधावर पुरुषभर उंचीचं वारूळ होतं. भर उन्हात त्यानं खालच्या भोकाशी सहज हात धरला, तर गारवा लागला. वरच्या तोंडाशी धरला, तर वाफ. असं म्हणतात, तो तिथं सात दिवस बसून राहिला. वाळवी गार वारा खालून कसा घेते, तापलेला वरून कसा सोडते, ते त्यानं सगळं पाहून घेतलं. सातव्या दिवशी वाळवी त्याच्या पायावरून ओळीनं चालत गेली, तेव्हा तो समजला की शिकवणी संपली.

हैबती वारुळासारखं वाचनालय बांधणार, हे ऐकून पाटील पोट धरून हसले. "वाळवीला विचारून वाचनालय? हैबतीबा, उद्या मांजरीला विचारून दुधाचं कपाट कर!"

"करीन की," हैबती म्हणाला. "दूध कुठं ठेवू नये, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?"

त्यानं वीट भाजली नाही, झाड तोडलं नाही. गावची पांढरी माती, तूस आणि शेण कालवून कडुनिंबाच्या सावलीत हातभर जाड भिंती उभ्या केल्या. खाली झरोके ठेवले, वर उंच पोकळ मनोरा काढला. पाया भरताना तो वारुळाशी जाऊन हात जोडून म्हणाला, "घराची रीत तुमची उचलली, बायांनो. आमच्या पुस्तकांना तोंड लावू नका. तुमच्या घराला आम्ही कुदळ लावणार नाही." वाळवी काही बोलली नाही. गावच्या सभेत यालाच मंजुरी म्हणत.

वैशाखात साहेब आला, पुस्तकांसाठी बैलगाडी घेऊनच आला. बाहेर घोडा धापा टाकत होता. साहेब आत जाऊन टेकला. असं म्हणतात, घटकाभरात त्याला हुडहुडी भरली आणि त्यानं घोंगडी मागवली. ती अंगावर घेऊनच तो बाहेर आला आणि गाडीवानाला म्हणाला, "रिकामी फिरव."

दाराशी गोदाबाई उभी होती. साहेबानं विचारलं, "आक्का, पदराखाली काय लपवलंय?"

"कादंबरीची राहिलेली शेवटची शंभर पानं," ती म्हणाली. "ही गाडीत गेली असती, तर मी पण गाडीत बसणार होते."

ती शंभर पानं तिनं त्या गार भिंतींच्या आत बसून वाचली. हैबती ऐकता ऐकता झोपला, असं म्हणतात. पण शेवट विचारला तर त्याला बरोबर सांगता यायचा.

दोघंही गेली, त्याला पिढ्या झाल्या. त्या वाचनालयातल्या एकाही पुस्तकाला वाळवी लागलेली नाही. आजही दर उन्हाळ्याआधी गाव त्या भिंती लिंपायला जमतं, आणि कालवलेल्या मातीचा पहिला गोळा वारुळाला लावून येतं. खडकसावंगीत वारुळावर कुदळ पडत नाही. नांगर तिथं वळसा घेतो, म्हणून तिथले बांध वाकडे.

मोजणीला आलेला माणूस विचारतो, "हा बांध इथं वाकडा का?"

शेतकरी म्हणतो, "हैबतीबाच्या मास्तरांचं घर आहे."

मोजणीदार नकाशात वळसा काढतो आणि कारणाचा रकाना कोरा सोडतो.