स्टँड नसलेली गाडी

"पण वस्ताद, ती पडणार नाही याची खात्री कोण देणार?"

हा प्रश्न वृषालीनं रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर घोळवला होता. सकाळी तो तोंडातून बाहेर पडला तेव्हा तिचा तिलाच बालिश वाटला. पण आता मागं घेता येईना.

सर्जेराव वस्तादांनी एके काळी शर्यतीच्या मोटारसायकली पळवल्या होत्या, पळवणारे घडवले होते. आता ऐंशीच्या घरात आल्यावर कोल्हापूरबाहेरच्या आपल्या आवारात ते पोरांना सायकल शिकवत. अट एकच. आईबापांनी फाटकाबाहेर थांबायचं.

सहा वर्षांची जुई शिकायला तयार होती. तिची आई थांबायला तयार नव्हती.

"पडंल की," वस्ताद म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे पडंल."

मुलं कशी वाढवावीत यावरची पुस्तकं वृषालीनं ढिगानं वाचली होती. 'मुलांना मोकळीक द्या' या वाक्याखाली तर पेन्सिलीनं रेघही ओढली होती. आणि उन्हाळाभर सायकलच्या सीटला हात लावून ती जुईमागं धावली होती. हात एकदाही सुटला नव्हता.

"मला सगळं पटतं हो, वस्ताद. फक्त जमत नाही."

वस्ताद मायलेकींना खूण करून शेडकडं चालू लागले.

आत भिंतीला टेकून ती उभी होती. चौपन्न सालची, शर्यतीची मोटारसायकल. रायडरचे गुडघे नीट बसावेत म्हणून दोन्ही अंगांनी दाबलेली लांबुळकी, चंदेरी टाकी. पत्र्याच्या फटीतून आलेली उन्हाची तिरीप तिच्यावरून पाण्यासारखी ओघळत होती. दिवा नाही, हॉर्न नाही, आरसा नाही. लागेल तेवढंच लोखंड, बाकी नुसता वेग.

वृषालीला गाड्यांमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी तिनं उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. का, ते तिला सांगता आलं नसतं.

"हिला स्टँड कुठाय?" तिनं हळूच विचारलं.

"केलंच न्हाई. शर्यतीच्या गाडीला उभं राहून करायचंय काय?"

वस्तादांनी गाडी भिंतीपासून सरळ केली. जुईला उचलून सीटवर बसवलं.

"तू फुडं ये. हँडल धर."

वृषाली पुढच्या चाकासमोर उभी राहिली आणि दोन्ही मुठी आवळल्या. वस्तादांनी हात काढला.

गाडी कलली. अख्खा डोंगर अंगावर यावा तशी. वृषालीनं जीव खाऊन ओढलं, तर ती दुसऱ्या अंगाला कलली.

"वस्ताद! धरा! पोरगी आहे वर!"

वस्तादांनी टाकीला तळहात लावून गाडी पुन्हा सरळ केली.

"मुठी सोड. एक बोट ठेव."

"एक बोट? वेडबीड लागलंय का?"

"लागलंय. ठेव तर."

तिनं हँडलवर बोट ठेवलं. वस्तादांनी तळहात काढला.

...

गाडी उभी होती.

एवढी थोरली, पोरीसकट, एका बोटावर. किंचित इकडं, किंचित तिकडं. झोपलेल्या बाळाच्या पोटावर हात ठेवल्यावर कळतं, तेवढंच बोटाला कळत होतं.

"वजन?" वस्तादांनी विचारलं.

"नाही..."

"गेलं कुटं?"

वृषालीच्या अंगावर काटा आला. बोललं तर गाडी पडेल असं वाटत होतं.

"मग... सोडायचं केव्हा?"

"मला काय इचारतीस? वर कोण बसलंय?"

वृषालीनं मान वर केली. जुई टाकीवर पालथी झाली होती, हनुवटी टेकवून, कोपरं आत घेऊन. कुणी शिकवलं नव्हतं. डोळे आईच्या पोटाआडून पलीकडं, दाराबाहेरच्या उजेडात शिरू बघत होते.

"जुई... सोडू का गं?"

"आई, बाजूला हो की. फुडचं दिसंना."