सोनवीला न पोचलेली उत्तरं

समुद्राला अजून कुणी नाव दिलं नव्हतं तेव्हाची गोष्ट. एका खडकाळ किनाऱ्यावर पाण्याची पुष्कळ डबकी होती आणि प्रत्येक डबक्यात वेगळी वस्ती होती. एकीकडचं बोलणं दुसरीकडे न्यायचं ते भरतीच्या लाटांनी. त्या अर्धंमुर्धं वाटेतच सांडत.

सोनवी नावाची खेकडी रिकाम्या शंखात घर करून राहायची. तो शंख तडकला. "कुणाकडे जादा शंख आहे का?" असं तिनं लाटांबरोबर सगळ्यांना विचारलं. भरत्या आल्या, गेल्या. उत्तर आलं नाही.

"माझं कुणाला काही पडलेलंच नाही," ती म्हणाली.

"उत्तर दिलं नाही की पोचलं नाही, हे इथं बसून कसं कळणार?" खडकाला चिकटलेलं कालव म्हणालं.

ओहोटी लागल्यावर सोनवी निघाली. वर पक्षी घिरट्या घालत होते आणि तिची पाठ उघडी पडली होती. जीव मुठीत धरून ती शेजारच्या डबक्यात उतरली, तर तिथल्या खेकड्यांनी तिला पाहून पाठ फिरवली.

"आता आलीस होय?" त्यांच्यातला म्हातारा म्हणाला. "शंख ठेवलाय म्हणून किती निरोप धाडले. तू साधं हो-नाही कळवलं नाहीस. आम्हाला वाटलं, आमचा शंख तुला हलका वाटला."

"मला एकही निरोप मिळाला नाही," सोनवी म्हणाली.

म्हाताऱ्यानं शंख पुढे ढकलला. तो तिला नेमका बसला. सगळे तिला राहायचा आग्रह करू लागले.

"नको," ती म्हणाली. "पलीकडच्या डबक्यातूनही कुणी उत्तर धाडलं असेल. तेही माझ्यावर रुसले असतील."

आणि ती पुढचा खडक चढू लागली.