सोन्याला मारलेली हाक

मंडळी, ज्या साली माणदेशात पाण्याचा टिपूस पडला नाही आणि गावंच्या गावं घर सोडून घाटाखाली उतरली, त्या साली अच्युतबाबा महाराज जांभूळखोऱ्यात मुक्कामाला होते. मुक्काम कसला? वेशीबाहेरचा वड हाच त्यांचा मठ! त्याच वडाच्या पलीकडे, घाट उतरून आलेल्यांची पालं पडली होती.

त्यांत गोजराबाई नावाची एक बाई होती, एकटीच. दिवसभर गावात दळण-कांडण करायची, कुणाशी चकार शब्द बोलायची नाही. दिवेलागणीला मात्र वेशीवर जाऊन घाटाकडे तोंड करून हाका मारायची, "मोरेऽ! ढवळेऽ! सोन्याऽ! या रं, अंधार पडला!"

गाव हसायचं. दौलतराव पाटील तर चारचौघांत म्हणायचे, "अगं बाई, तुझी गुरं केव्हाच गिधाडांनी खाल्ली! आणि तो सोन्या बैल आलाच, तर माझ्या गोठ्यात आणून बांध. नांगराला जुंपतो!"

गोजराबाई खाली मान घालून पालाकडे परतायची.

पुढे पाटलांची दुभती म्हैस अचानक मेली. पाटील भडकले. "ही मेलेल्यांना बोलावते, म्हणून गावात मरण शिरलं! पुन्हा हाक ऐकू आली, तर पालासकट हाकलून देईन."

हाका थांबल्या. आणि काय सांगावं, बाईने अन्नच टाकलं! पाण्याचा घोटही घेईना. पालातल्या बायका म्हणाल्या, "ही आता जगत न्हाई."

हे कानी येताच महाराज उठले आणि तिच्या उशाशी जाऊन बसले. पाठोपाठ पाटीलही आले. मरायला टेकलेल्या वेड्या बाईला महाराज काय अंगारा लावतात, ते त्यांना बघायचं होतं.

महाराज म्हणाले, "बाई, ज्यांना हाका मारतेस ते आता नाहीत, हे तुला ठाऊक आहे ना?"

"ठावं हाय, बाबा. मोरी-ढवळीचं दावं म्याच सोडलं. चारा न्हवता. जावा म्हनलं कुठंबी."

"आणि सोन्या बैल?"

गोजराबाईने घाटाकडे तोंड वळवलं. मग म्हणाली, "सोन्या बैल न्हाई, बाबा. माझा ल्योक. तापानं फणफणला हुता. घाटात माझ्या खांद्यावरच गेला. मानसं थांबंनात. कडंला ठिवला, वर दगडं रचली, आन् चालाय लागले. म्या वळून बी बघितलं न्हाई. अंधाराला लई भ्यायचं माझं लेकरू."

पाटील होते तिथेच खिळले.

महाराजांचे डोळे भरून आले. त्यांनी तिला हाताला धरून वेशीवर नेलं. "मार हाक."

"आवाज फुटंना, बाबा."

तेव्हा महाराजांनीच घाटाकडे तोंड करून साद घातली, "मोरे! ढवळे! सोन्या! ये रे बाळा, आई उभी आहे!"

आणि अहाहा! वारा पडलेला असताना घाटाच्या वाटेवर धूळ उठली. गुरांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा वाजू लागल्या. गाय दिसेना, माणूस दिसेना. धूळ गोजराबाईपाशी येऊन थांबली. ती गुडघ्यांवर बसली, रिकाम्या हवेला तिने कवटाळलं आणि घरातून निघाल्यापासून पहिल्यांदा हंबरडा फोडला. हळूहळू घुंगरं लांब गेली. धूळ बसली, तेव्हा वाटेवर गाईंचे खूर उमटले होते, आणि खुरांच्या मधोमध लहानशी अनवाणी पावलं.

पाटलांनी ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. ते महाराजांच्या पायांवर कोसळले. "महाराज, मी लेकराला नांगराला जुंपायला निघालो होतो हो!"

महाराज म्हणाले, "मला काय सांगता? तिला सांगा."

पाटलांनी पागोटं काढून गोजराबाईच्या पायांशी ठेवलं. "आक्का, चुकलो."

तिचं लक्ष घाटाकडेच होतं. ती एवढंच म्हणाली, "माझ्यावर रागावला न्हवता त्यो."

तिचं दुःख सरलं का? छे! खोटं कशाला सांगू? गेलेलं लेकरू परत आलं नाही, सुटलेलं गावही नाही. त्या दिवशी तिने चार घास खाल्ले आणि रात्रभर रडली, इतकंच. रडून रडून आवाज पार बसला. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती वेशीवर येऊन नुसतीच उभी राहिली.

तेव्हा मागून दौलतराव पाटील बोडक्या डोक्याने आले, तिच्या शेजारी उभे राहिले आणि त्यांनी घाटाकडे हाक मारली. पहिली सोन्याला.