वाळलेली शाई

नदीकाठचे प्राणी डिझेल इंजिनावर पाणी उपसायचे, तेव्हाची गोष्ट. साळूबाईचं नवं इंजिन चार महिन्यांतच बंद पडलं आणि कलिंगडाच्या वेलांनी माना टाकल्या. वॉरंटी दोन वर्षांची होती, म्हणून कारखान्याचा कोल्हा आला. इंजिनाला हातही न लावता त्याने पिशवीतून कागद काढला.

"डिझेलमध्ये पाणी मिसळलंय, बाई. वॉरंटीत बसत नाही. इथे अंगठा द्या."

साळूबाईला पहिल्यापासूनच त्या पिशवीचा संशय होता. तिने अक्षरांवरून पंजा फिरवला.

"कोल्हेसाहेब, इंजिन अजून उघडलं नाही आणि शाई तर वाळलीसुद्धा."

कोल्ह्याने कागद परत मागितला. साळूबाईने तो पाठीवरच्या काट्यांत खोचला.

"आधी इंजिन चालू करा. मग कागद काढून घ्या."